तांब्याची रेघ

वडूजच्या मोटार स्टँडवर त्या दिवशी मला पोचवायला एकटे मामंजी आले होते. मामंजी म्हणजे माझे सासरे. सगळी उमेद पलटणीत घालवून सुभेदार म्हणून घरी बसलेले, बोलायला कमी. युद्ध संपलं होतं, पण पेट्रोल अजून मिळत नव्हतं, मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या. क्लीनर मागच्या शेगडीचा पंखा फिरवत होता आणि धूर उतारूंच्या तोंडावर येत होता. मामंजींनी माझी ट्रंक टपावर चढवून घेतली, दोरी आपल्या हातानं ओढून बघितली आणि म्हणाले, "पोचल्यावर तार करायची न्हाई. तार आली की घरात रडारड हुती. पत्र टाक."

त्या घरात तार एकदाच आली होती. माझे यजमान रामचंद्र ब्रह्मदेशाच्या आघाडीवर पडले त्याची.

माझी मुलगी शालन तेव्हा तीन वर्षांची होती. ती स्टँडवर नव्हती. सासूबाईंनी, मी त्यांना आत्याबाई म्हणायची, तिला सकाळीच थोरल्या जाऊबाईंबरोबर रानात पाठवून दिलं होतं. आई जाताना लेकरानं बघू नये, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, मला तिला सांगून जायचंय. त्या चुलीपुढून उठल्यासुद्धा नाहीत. "तीन वरसाच्या पोरीला काय सांगनार हायेस? विलायत?" एवढंच म्हणाल्या. माझ्याकडं उत्तर नव्हतं. आज इतकी वर्षं झाली, अजून नाही. पण उत्तर नव्हतं म्हणून त्या बरोबर होत्या असं मी तेव्हाही मानलं नाही आणि आज तर मुळीच मानत नाही.

तुम्ही जे तिकडं राहिलात, सांगलीला, साताऱ्याला, खटावात, तुमच्या तोंडी माझी गोष्ट एका वाक्यात बसते: पोर टाकून गेली. माझ्यासारख्या ज्या पुढं परदेशात आल्या, त्यांना त्यांच्या आयांनी माझंच नाव घेऊन भीती घातली हेही मला कळलं आहे. म्हणून हे लिहिते आहे. अट कुणी घातली होती, ते त्या एका वाक्यात येत नाही.

माझे वडील, नाना, सांगलीला हायस्कुलात पदार्थविज्ञान शिकवायचे. आई मी लहान असतानाच गेली. नानांनी मला मुलासारखं वाढवलं असं लोक म्हणत. नानांना ते आवडत नसे. ते म्हणत, "मुलासारखं नव्हे, शिकणाऱ्यासारखं." मी पुण्याहून एम.एस्सी. होऊन आले तेव्हा आमच्या मराठा समाजात माझ्याशी लग्न करायला कोणी धजेना. हे धजले. इंटरपर्यंत शिकून पलटणीत वायरलेसमध्ये जमादार झाले होते. रजेवर आले की मला सर्किटं काढून दाखवायचे, आणि चुकलं तर मी काढून दाखवलेलं ऐकून घ्यायचे. गावात हे कुणाला खरं वाटत नसे. त्यांच्या तीन रजा माझ्या वाट्याला आल्या. तिसरीत शालन तान्ही होती.

ते गेल्यावर मी शालनला घेऊन सांगलीला नानांकडं आले, कॉलेजात प्रयोग शिकवणारी डेमॉन्स्ट्रेटर झाले. पुढं एका संस्थानानं विलायतेत शिकायला माणसं पाठवायची ठरवलं तेव्हा प्राचार्यांनी माझं नाव सुचवलं. ठरलं असं की तीन वर्षांनी परत यायचं, संस्थानाच्या खर्चानं निघणाऱ्या नव्या कॉलेजात पदार्थविज्ञान उभं करायचं. दरबारातून होकार आला त्या दिवशी नाना अंगणात येरझाऱ्या घालत होते. "जा," म्हणाले. मग थांबून म्हणाले, "पण त्यांना विचारायला लागेल."

विचारलं. मामंजींनी दोन दिवस घेतले. मग निरोप आला: सुनंनं जावं, आमची ना न्हाई, पन पोरगी आमच्या घरात ऱ्हाईल. नाना एकटे, घरात बाई नाही, त्यांना ती सांभाळता येणार नाही हे मलाही दिसत होतं. तीन वर्षांनी मी तिला घेऊन जाईन असं मी मामंजींच्या तोंडावर सांगितलं होतं आणि त्यांनी मान हलवली होती. म्हणजे पोर टाकली गेली नव्हती. पोर ठेवून घेतली गेली होती. या दोन क्रियापदांत काही फरक असतो.

इंग्लंडच्या उत्तरेकडचं ते गाव कोळशानं काळं झालेलं होतं. घरं काळी, देवळं काळी, उन्हाळा सोडला तर आभाळही. लँडलेडी चांगली बाई होती, पण मी काय खाते हे तिला कधी कळलं नाही. रेशनची कूपनं, त्यात मी मटण खाते पण बैलाचं नाही. तिनं शेवटी मला रोज उकडलेला बटाटा आणि कोबी द्यायचा असं ठरवून टाकलं. पहिल्याच हिवाळ्यात तिथली माणसंसुद्धा कधी पाहिला नाही म्हणाली असा बर्फ पडला. कोळसा खाणीतून हलेना, वीज तासन्‌तास बंद. आमच्या प्रयोगशाळेतला मोठा चुंबक विजेवर चालायचा. वीज गेली की आम्ही सगळे ओव्हरकोट घालून त्या थंड लोखंडाभोवती उभे राहायचो.

त्या चुंबकावर आमचं काय चाललं होतं ते सांगायला हवं, कारण मी कशासाठी गेले होते हे तुमच्यापैकी एकानंही मला कधी विचारलं नाही.

अणूच्या पोटात केंद्रक असतं. पुष्कळ मूलद्रव्यांच्या केंद्रकाला स्वतःचं अगदी इवलं चुंबकत्व असतं. ते बलवान चुंबकाच्या दोन टोकांमध्ये ठेवलं की भोवऱ्यासारखं डुलायला लागतं, ठराविक वेगानं. त्याच वेगाची वायरलेसची लहर त्याच्यावर सोडली तर ते तेवढीच लहर शोषून घेतं, दुसरी नाही. ते शोषणं यंत्राच्या पडद्यावर एका बारीक टेकडीसारखं दिसतं. आम्ही त्याला रेघ म्हणायचो. अमेरिकेत युद्ध संपता संपता दोन ठिकाणी हे साधलं होतं, पाण्यात आणि मेणात. आमच्या प्रोफेसरांनी ते वाचलं, सैन्यानं मोडीत काढलेली वायरलेसची पेट्याच्या पेट्या सामग्री मिळवली आणि प्रत्येकाला एकेक पदार्थ वाटून दिला. मला धातू आले.

धातू कुणाला नको होते. कारण वायरलेसची लहर धातूत शिरतच नाही, वरच्या कातडीपुरती जाते. म्हणून धातूचा अगदी बारीक कीस करायचा, कणाला कण चिकटू नये म्हणून मेणात कालवायचा आणि नळीत भरायचा. मी कानस घेऊन तांब्याचा तुकडा घासत बसायची. घासायचं, चाळायचं, परत घासायचं. बोटांच्या पेरांत तांबं जाऊन बसलं, ते धुतलं तरी जाईना. बरोबरचा हॅरल्ड, तोही युद्धात वायरलेसवर होता आणि आता माझ्यासारखाच डॉक्टरेटचा विद्यार्थी होता, तो म्हणाला, "तू धातूवर काम करत नाहीस, लोहारकाम करतेस." चांगला माणूस होता. हे लक्षात ठेवा, पुढं त्याच्याबद्दल कडू लिहावं लागेल.

पहिलं वर्ष गेलं, रेघ दिसली नाही. पत्रं यायची. मामंजी पत्रात पाऊसपाणी आणि "शालन खुशाल" एवढंच लिहायचे. नाना मात्र तांब्याबद्दल विचारायचे. त्यांना सगळं समजत होतं असं नाही, पण ते विचारायचे. एका पत्रात त्यांनी लिहिलं होतं: "आपण मोजलेलं आपण मानावं. दुसऱ्यानं नाही मानलं तर पुन्हा मोजावं. पण सोडू नये." मी ते आज्ञेसारखं घेतलं. त्याचं काय झालं ते आता सांगते.

दुसऱ्या वर्षाच्या वसंतात तांब्याची रेघ दिसली. लहान, गोंगाटात बुडालेली, पण होती. मी हॅरल्डला बोलावलं, त्यानं पडद्याला नाक लावून बघितलं आणि माझ्याशी हस्तांदोलन केलं. मग मी नेहमीप्रमाणं तुलनेसाठी तांब्याचा एक क्षार ठेवला. तांबं तेच, केंद्रक तेच, चुंबक तोच. रेघ त्याच जागी यायला हवी. आली नाही. धातूतली रेघ आणि क्षारातली रेघ यांच्यात अंतर पडलं होतं. पाव टक्क्याहूनही जरा कमी. पण आमच्या मापाच्या हिशेबानं ते फार मोठं होतं.

मी ते प्रोफेसरांकडं नेलं. त्यांनी पाईप तोंडातून न काढता बघितलं. "चुंबक तापला की त्याचं बळ सरकतं, मिसेस," असं ते म्हणाले. माझं आडनाव त्यांना कधी उच्चारता आलं नाही, म्हणून मी नुसतीच मिसेस. मी चुंबक दिवसभर स्थिर ठेवून मोजलं. अंतर तेवढंच. मी धातूचा कीस आणि क्षार एकाच नळीत घातले, म्हणजे चुंबक सरकला तरी दोघांसाठी सारखाच सरकेल. पडद्यावर एकाच वेळी दोन टेकड्या उभ्या राहिल्या, शेजारी शेजारी. तेही दाखवलं. ते म्हणाले, "कानशीचं लोखंड मिसळलं असेल." ही शंका रास्त होती, मी नाही म्हणत नाही. मी रसायनशाळेतून कानस न लावलेली, क्षारातून काढलेली तांब्याची पूड मिळवली. अंतर तेवढंच.

"छान," म्हणाले. "पण असं का व्हावं ते तुम्हाला सांगता येतं का?"

मी सांगितलं. धातूत मोकळे फिरणारे इलेक्ट्रॉन असतात, क्षारात ते नसतात. चुंबकाच्या क्षेत्रात तेही थोडे थोडे त्या दिशेला वळतात, आणि केंद्रकाजवळ जातील तेव्हा आपलं थोडं क्षेत्र त्यात घालतात. म्हणून धातूतल्या केंद्रकाला बाहेरच्यापेक्षा जरा जास्त चुंबकत्व जाणवतं. असं असेल तर हे अंतर म्हणजे त्या इलेक्ट्रॉनांचंच माप आहे, धातूच्या आत डोकावायची खिडकी. आणि पुढचं मला फार बघायचं होतं: काही धातू अतिशय थंड केले की त्यांच्यातला विजेचा विरोध पार नाहीसा होतो, अतिवाहक होतात ते. तेव्हा हे इलेक्ट्रॉन काय करतात? वळायचे थांबतात का? थांबत असतील तर हे अंतरही नाहीसं व्हायला हवं. अतिवाहक धातू चुंबकीय क्षेत्र आत येऊ देत नाही ही अडचण, पण कथलाचे किंवा पाऱ्याचे कण पुरेसे बारीक केले तर क्षेत्र आरपार जाईल.

त्यांनी पाईप राखदाणीत झटकला. मग म्हणाले, "बघू. घाईनं छापलेलं परत घेता येत नाही."

ते अंतर मी त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि ते वर्षभर तिथंच राहिलं. त्याच वर्षी पावसाळ्यात नाना गेले. पत्र मिळालं तेव्हा दहावा-तेरावा सगळं होऊन गेलं होतं. लँडलेडीनं माझ्या बटाट्याशेजारी त्या दिवशी एक अंडं ठेवलं. तिच्या रेशनचं होतं, आठवड्याला मिळायचं ते एकच. त्या देशात मला कुणी दिलेली ती एकच मोठी वस्तू, आणि मी ती खाऊ शकले नाही.

एकोणपन्नास साली अमेरिकेतलं मासिक आलं. चहाच्या खोलीत प्रोफेसर ते उभ्यानं वाचत होते. त्यात माझं अंतर होतं. माझं म्हणजे तांब्याचं. दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या चुंबकावर, कुणाची काही चोरी न करता, स्वतः मोजलेलं. त्याला लगेच छापू दिलं होतं एवढाच आमच्या दोघांत फरक. प्रोफेसरांनी मान वर करून सगळ्यांदेखत म्हटलं, "अभिनंदन, मिसेस. तुमचं माप बरोबर होतं असं दिसतंय."

मी म्हटलं, "ते गेल्या वर्षीही बरोबरच होतं, सर."

पुढच्या महिन्यात आमचा लेख गेला, त्यांचं नाव आधी, माझं नंतर, आणि पहिल्याच वाक्यात लिहिलं होतं की अमेरिकेत लागलेल्या शोधाला आम्ही दुजोरा देत आहोत. दुजोरा. नानांनी सांगितलं तसं मी मोजलं, पुन्हा मोजलं, सोडलं नाही. जे मानायचं ते दुसऱ्याच्या हातात असतं, हे शिकवायचं नानांच्या लक्षात राहिलं नाही, किंवा त्यांना तसा अनुभव आला नव्हता.

मी अतिवाहकांचं काम मागितलं. त्याला द्रवरूप हेलियम लागायचं, ते दुसऱ्या विद्यापीठात होतं, तिथं जाऊन राहायला लागणार होतं. प्रोफेसर म्हणाले, "तुम्ही तर परत चाललात. तुमच्या नव्या देशाला तुमची गरज आहे." आणि कथलाच्या कणांचं, पाऱ्याच्या थेंबांचं ते सगळं काम त्यांनी हॅरल्डला दिलं. हॅरल्ड माझ्याकडं येऊन उभा राहिला. "मी नाही म्हणालो तर ते कुणालाच देणार नाहीत," म्हणाला. ते खरं होतं. तो हो म्हणाला. मी त्याच्या जागी असते तर काय म्हणाले असते ते मला माहीत नाही, पण मी त्याच्या जागी नव्हते, कधीच नव्हते.

डॉक्टरेट घेऊन मी परत आले तेव्हा ज्या संस्थानानं मला पाठवलं होतं ते नकाशावर उरलं नव्हतं. सगळी संस्थानं विलीन झाली होती. त्यात कुणाचं काही चुकलं नाही. देश एक झाला, चांगलं झालं. फक्त त्या नव्या कॉलेजाची आठवण असलेला माणूस कुठल्याच कचेरीत सापडेना. शेवटी मुंबईत एका मुलाखतीला बोलावलं. टेबलापलीकडं पाच गृहस्थ.

"या विषयाला लागणारा मॅग्नेट आपल्याकडं कुठून येणार?" एकानं विचारलं.

मी म्हटलं, "लोखंड आणि तांब्याची तार द्या, मी बांधून घेईन. कसा बांधतात ते मी बघितलं आहे."

ते हसले. वाईट हसले असं नाही. दुसऱ्यानं विचारलं, "तुम्हाला मुलगी आहे ना? ती कुणाकडं असते?" मी सांगितलं. तिसरा म्हणाला, "आम्ही सगळी उभारणी करायची आणि तुम्ही पुन्हा विलायतेला जायच्या." मग मला एका मुलींच्या शाळेत शरीरविज्ञान आणि आरोग्य शिकवण्याची जागा देऊ केली. तिथं मी परत जाणार म्हणून काम दिलं नाही, इथं पुन्हा तिकडं जाणार म्हणून. दोन्ही ठिकाणी मी जाणारीच होते.

पण हे मी सोसलं असतं. शाळेत शिकवलंही असतं. शालन होती.

मी वडूजला उतरून गावात गेले तेव्हा ती अंगणात मुलींबरोबर खेळत होती. सहा वर्षांची, ह्यांच्यासारखी रुंद कपाळाची. मी ओळखलं. तिनं मला आपादमस्तक न्याहाळलं, मुली नवीन बाईला न्याहाळतात तसं. मी खाली बसले आणि विचारलं, "तुझं नाव काय गं?"

"शालन बाजीराव," ती म्हणाली, पाठ केल्यासारखं.

बाजीराव म्हणजे माझे थोरले दीर. शाळेत घालताना त्यांनी हेच नाव सांगितलं होतं. माझ्या नवऱ्याच्या मुलीच्या नावातून माझा नवरा काढून टाकला होता. ब्रह्मदेशात त्यांना दहन मिळालं की नाही आम्हाला कळलं नाही. आपल्या गावात उरलं होतं ते एवढंच, लेकीच्या नावातलं मधलं नाव.

आत जाऊन मी मामंजींना विचारलं. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "बिनबापाची म्हनून पोरं चिडवाय लागली," म्हणाले. "म्हनून लावलं. त्यात वाईट काय हाय?"

आत्याबाई म्हणाल्या, "तुझ्या मागं आमी काय तिला उपाशी ठिवली न्हाई."

मी म्हटलं, तीन वर्षं झाली, ठरल्याप्रमाणं मी तिला नेणार. कुणी अडवलं नाही. बाजीराव भावजी बैल सोडायला निघून गेले. जाऊबाई, सोनाबाई त्यांचं नाव, तेवढ्या माझ्या मागोमाग परड्यात आल्या. त्यांच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि कूस उजवली नव्हती. माझ्याशी त्या कधी चार वाक्यं सलग बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी बोलल्या.

"आवं, तुमी शिकल्याल्या हाय. तुमाला कुटंबी जागा हाय. मला हितं हिच्यामुळं हाय. ही आली तवा आत्याबाई ह्यांच्यासाठी दुसरी बघाय लागल्या हुत्या. पोरगी माझ्या कडंवर बसली आन्‌ त्यो इषय ऱ्हायला. आता तुमी न्या. तुमची हाय. मी न्हाई म्हनत न्हाई. पन पुढच्या लगीनसराईत या घरात माझ्या उरावर सवत यील, येवढं फकस्त ध्यानात ठिवा."

त्या रडत नव्हत्या. पदर कमरेला खोचलेला, हातात शेणाची पाटी. इकडची-तिकडची कितीतरी माणसं माझ्याशी देशाच्या गरजेबद्दल, विज्ञानाच्या शिस्तीबद्दल बोलली होती. कुणालाही एवढं थोडक्यात आणि एवढं खरं बोलता आलं नव्हतं. आणि मला त्यांचा राग आला. अजूनही येतो. माझं मूल घेऊन त्यांनी स्वतःला वाचवलं, आणि त्यांना दुसरा मार्गही नव्हता. ज्यांनी तो मार्ग ठेवला नव्हता ते बैल सोडायला गेले होते.

मी शालनला सांगलीला आणलं. नानांचं भाड्याचं घर गेलं होतं, एका मैत्रिणीकडं आम्ही राहिलो. कृष्णेच्या घाटावर नेलं, गणपतीला नेलं, परकर-पोलकं शिवलं. ती रडली नाही. हट्टही केला नाही. पाहुण्यांकडं गेल्यावर वागायला सांगतात तशी वागत होती. पानात वाढलेलं अर्धं खायची आणि "बास झालं" म्हणायची. एके दिवशी दुपारी मी तिची वेणी घालत होते तेव्हा ती म्हणाली, "काकू, आमी कवा जायाचं?"

"कुठं?"

"घरी. आई वाट बघत आसंल."

मी वेणी पुरी घातली. रिबन बांधली. मग आत जाऊन मैत्रिणीला म्हटलं, उद्याच्या मोटारीनं आम्ही वडूजला जातो.

तुम्ही म्हणता मी तिला टाकलं. मी तिला तिच्या घरी पोचवलं. ते घर तिचं करून ठेवणाऱ्यांना तुम्ही काही म्हणत नाही. मी आणखी थांबले असते, वर्ष, दोन वर्षं, तर ती माझी झाली असती असं मैत्रीण म्हणाली. झाली असती कदाचित. तिकडं सोनाबाईंवर सवत आली असती. सहा वर्षांच्या मुलीची दुसऱ्यांदा आई तोडून मी माझा हक्क सिद्ध केला असता. मला ते जमलं नाही, आणि जमलं नाही याबद्दल मी कुणाची क्षमा मागणार नाही.

हॅरल्डनं कळवलं, तिकडच्या एका धातूच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत जागा आहे, बाई चालेल म्हणतात. मी गेले. या खेपेला स्टँडवर कुणी आलं नाही. त्या कारखान्यात मी तांबं, कथील, शिसं यांतली भेसळ मोजत आयुष्य काढलं. अतिवाहकांचं काम हॅरल्डच्या हातून काही तडीला गेलं नाही. पुढं दुसऱ्या देशात दुसऱ्या लोकांनी ते केलं. पारा, कथील, बारीक कण, सगळं तसंच. अंतर नाहीसं होईल अशी सगळ्यांची अपेक्षा होती, आणि ते नाहीसं झालंच नाही, कमी झालं फक्त. म्हणजे उत्तर अपेक्षेहून चमत्कारिक निघालं. ते बघायला मला फार आवडलं असतं. मी तो लेख कारखान्याच्या वाचनालयात वाचला आणि कामावर गेले.

सोनाबाईंवर सवत आली नाही. शालनच्या लग्नाआधी त्यांनीच तिला सांगितलं की तिला जन्म कुणी दिला. पुढच्या खेपेला मी आले तेव्हा ती मला म्हणाली, "मला ठावं हाय सगळं. पन तोंडाला काकूच येतं, त्याला मी काय करू?" मी म्हटलं, राहू दे.

आता मामंजी, आत्याबाई, सोनाबाई कुणी नाही. शालन साताऱ्याला असते, नवरा मास्तर आहे, मुलं मोठी झाली. परवा गेले होते. माझ्यासाठी शेजारून खुर्ची आणली होती, बाकी सगळे जमिनीवर बसले होते. नातवंडं पाया पडली. कुणीतरी विचारलं, आता कायमच्या इकडं येणार का? आपलं घर ते आपलं घर. मी म्हटलं, बघू. इंग्लंडात माझं एक घर आहे, दोन खोल्या, कडी आतून लावली की सगळं जग बाहेर. त्याला घर म्हणायची मला सवय झाली आहे, आणि तुम्ही विचारलंत तर मी तेच उत्तर देईन. पण तसं म्हणताना मला ऐकू येतं की ते इंग्रजीतलं घर आहे. मराठीत घर म्हणजे जिथं आपल्याबद्दल काही विचारावं लागत नाही ते.

शालन स्वयंपाकघराच्या दारात आली. पदराला हात पुसत, अगदी मायेनं तिनं विचारलं, "काकू, तुमाला चहात साखर किती लागती? तिकडं कमी घेत आसाल."

मी म्हटलं, एक चमचा.

सगळ्यांचा चहा एका पातेल्यात उकळला. माझा तिनं वेगळा केला.